बुरुजाखालची डावी मनगटं

गावातल्या सरकारी दवाखान्याच्या मागच्या बाजूला, एक्स-रेच्या खोलीला लागून, एक लांबट खोली आहे. तिथे एक लोखंडी खाट, दोन बादल्या, कापसाच्या गुंडाळ्यांनी भरलेलं कपाट आणि कायम तुंबलेलं एक बेसिन. बेसिनवर 'प्लास्टरचं पाणी इथे ओतू नये' अशी ठळक पाटी आहे, आणि येणारा प्रत्येक नवा डॉक्टर पहिल्याच आठवड्यात प्लास्टरचं पाणी तिथेच ओततो. या खोलीत सव्वीस वर्षं काम करणाऱ्या बाईंना सगळं गाव प्लास्टरबाई म्हणायचं. त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं, आणि तिथेही एका अक्षराने चुकलेलं होतं.

हाड डॉक्टरांनी बसवायचं आणि प्लास्टर बाईंनी घालायचं, असा नियम होता. पण डॉक्टर दर दोन वर्षांनी बदलायचे आणि नवा येणारा आधीच्यापेक्षा तरुण असायचा. "बाई, हे असंच ना?" असं तो हळूच विचारायचा. "हो, अगदी असंच," म्हणत बाई त्याचा हात अलगद बाजूला करायच्या आणि हाड बसवून मोकळ्या व्हायच्या. मग डॉक्टर समाधानाने सही करायचे. बाईंची याबद्दल काही तक्रार नव्हती. सही सुंदर करायला शिकण्यातच माणसाची पाच-सहा वर्षं जातात, हे त्यांना कळत होतं.

पहिली वीस वर्षं गावातली माणसं रीतीने पडत होती. कोणी शिडीवरून, कोणी कौलांवरून, म्हाताऱ्या बायका न्हाणीघरात आणि त्यांचे म्हातारे त्यांना उचलायला जाताना. बाईंना पेशंट दारातून आत आला की तो कशावरून पडला हे चालीवरूनच कळायचं.

मग गावाला वारसा सापडला.

नदी गावाच्या वरच्या अंगाला एका खोल घळीतून येते. घळीच्या कडेकडेने खेचरांची एक जुनी वाट आहे. कित्येक पिढ्यांनी त्या वाटेने धान्य, मीठ आणि आजारी माणसं वाहून नेली, आणि पलीकडून मोटारीचा रस्ता झाला त्या दिवशी सगळ्यांनी हुश्श करून ती वाट सोडून दिली. चाळीस वर्षं तिकडे कोणी फिरकलं नाही. त्यामुळे ती आपोआप ऐतिहासिक झाली. शहरातली माणसं मोटारींच्या टपावर जाड टायरांच्या सायकली बांधून यायला लागली. आजवर गावात सायकल म्हणजे मोटार परवडत नसल्याची खूण होती. आता मोटारीत बसून सायकलला फिरायला आणणारे लोक आले. खेचरं जिथे उतरायला नाखूश असायची तिथून ही माणसं हौसेने, वर हेल्मेटला कॅमेरा लावून, उतरायची.

गावाने लगेच पर्यटन समिती नेमली. अकरा सभासद, त्यातले नऊ गुडघेदुखीमुळे घळीत कधी उतरलेले नव्हते. अध्यक्ष होते निवृत्त टपालमास्तर, आणि चिटणीस होती प्लास्टरबाईंची थोरली नणंद.

ताईंनी शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवला होता. लग्न केलं नाही, भावाच्याच घरात वरच्या खोलीत राहत. निवृत्त झाल्यावर त्यांच्याकडे इतिहास पुष्कळ उरला होता आणि ऐकणारं कोणी उरलं नव्हतं. तशी शाळेतही ऐकणारी मुलं फारशी नव्हती, पण निदान दारं बंद करता यायची. समितीने वाटेवर माहितीचा फलक लावायचं ठरवल्यावर ताई चार दिवस खोलीबाहेर आल्या नाहीत. घळीच्या वरच्या टोकावर एक पडका बुरूज आहे, त्यावर त्यांनी तीन परिच्छेद लिहिले. मूळचे नऊ होते. सहा कापले गेले तेव्हा त्यांनी दोन दिवस अध्यक्षांशी अबोला धरला.

फलकाच्या लोखंडी चौकटीचं काम आपसूकच बाईंच्या नवऱ्याकडे आलं. त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं. गेट, जिने, खिडक्यांच्या जाळ्या असली कामं. गेटला कोणी चांगलं म्हणत नाही, लोक फक्त ते करकरतं म्हणतात. फलक म्हणजे सगळ्यांना दिसणारं काम. त्यांनी दोन्ही खांब तीन फूट खोल गाडले, दगड भरले, वर सिमेंट ओतलं आणि घरी येऊन सांगितलं, "शंभर वर्षं हलणार नाही."

"शंभर वर्षांनी कोण बघायला येणार आहे?" बाईंनी विचारलं.

"म्हणूनच तर," ते म्हणाले.

फलकाचं उद्घाटन झालं, फोटो निघाले, आणि त्याच आठवड्यात पहिलं डावं मनगट आलं.

पहिल्या तिघांच्या वेळी बाईंना काही वाटलं नाही. मनगटं मोडतातच, माणूस पडताना हात पुढे करतो. पण दोन महिन्यांत मनगटं तेरा झाली आणि तेराही डावी. गावातली माणसं कधी इतकी शिस्तीत पडली नव्हती. चौदाव्या वेळी खाटेवर एक धडधाकट तरुण दाताचा डॉक्टर होता. बाईंनी कोमट पाण्यात पट्टी बुडवली, बुडबुडे थांबेपर्यंत धरली, पिळली आणि गुंडाळता गुंडाळता विचारलं, "कुठे पडलात?"

"बुरुजाखाली. ती पाटी आहे ना, तिथे."

"काय करत होतात?"

"काही नाही, पाटी वाचत होतो."

"सायकल चालवत?"

"उतारावर थांबलं की सगळी लय जाते हो."

"कुठपर्यंत वाचलीत?"

त्याने आठवून सांगितलं, "'इतिहासाच्या या मूक साक्षीदाराकडे डावीकडे वर पहा', इथपर्यंत."

"मग?"

"मग डावीकडे वर पाहिलं."

बाईंनी त्याची बोटं हलवून पाहिली, हात झोळीत बांधला आणि सहा आठवड्यांनी यायला सांगितलं. त्याने जाताना वाट फार सुंदर असल्याचं सांगितलं. मोडून आलेले सगळेच हे सांगायचे. न्हाणीघरात पडलेल्या एकाही म्हातारीने न्हाणीघराची तारीफ केल्याचं बाईंना आठवत नव्हतं.

त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी विषय काढला. "ताई, तुमच्या पाटीजवळ लोक पडतात."

"फलक," ताई म्हणाल्या.

"फलकाजवळ पडतात."

"मग हळू चालवावं त्यांनी. वाचताना घाई करतातच कशाला? हल्ली लोकांना वाचायची सवयच राहिली नाही."

"आहे ना. वाचतात म्हणूनच पडतात."

नवऱ्याने ताटातून मान वर केली. "खांब हलला का?"

"खांबाला काही झालेलं नाही."

"मग ठीक आहे," म्हणून ते पुन्हा जेवायला लागले.

बाईंनी दोघांकडे पाहिलं. एकीने पाटी लिहायची, दुसऱ्याने रोवायची आणि तिसरीने तिची फळं प्लास्टरात घालायची. घरचा धंदा म्हणतात तो असा जमून येतो, हे त्यांच्या तोवर लक्षातच आलं नव्हतं.

त्या रविवारी त्यांची पाळी नव्हती, म्हणून त्या एकट्याच घळीत उतरल्या. लहानपणी आईबरोबर एकदा आल्या होत्या, त्यानंतर आताच. वाट तशीच होती, खेचरांच्या खुरांनी झिजलेले दगड, डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला खोल खाली हिरवट पाणी. दगडांवर टायरांचे काळे ओरखडे उठले होते. अर्ध्या तासाने फलक दिसला. नवऱ्याचं काम खरोखर देखणं होतं, हे त्यांना मनातल्या मनात मान्य करावं लागलं. आणि जागा पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. डोंगरातून येणाऱ्या ओघळाशी वाट एकदम उजवीकडे वळत होती. वळणावरच पाणी जायला दगडी पन्हळ काढलेली, वीतभर खोल. आणि बरोब्बर तिथे, डाव्या बाजूला, तीन परिच्छेदांचा फलक माणसाला सांगत होता की डावीकडे वर पहा. वाट उजवीकडे, बुरूज डावीकडे, पन्हळ पायाखाली. नशीब एवढंच की माणसं डोंगराच्या अंगाला पडत होती, नदीच्या नाही.

त्या एका दगडावर बसल्या. पाचच मिनिटांत वरून साखळीचा खुळखुळाट ऐकू आला. लाल जॅकेट घातलेली एक मध्यमवयीन बाई उतरून येत होती. "पाटी वाचू नका," प्लास्टरबाई ओरडल्या.

"कुठली पाटी?" म्हणत तिने पाटीकडे पाहिलं.

पुढचं चाक पन्हळीत गेलं, सायकल तिथेच उभी राहिली आणि सायकलवरची बाई पुढे निघून गेली. प्लास्टरबाई उठल्या. मनगट हातात घेताच त्यांना कळलं, पंधरावं. हाताला आधार द्यायला जवळ काही नव्हतं. जखमी बाईच्या पाठपिशवीतून समितीची जाड कागदाची माहितीपुस्तिका निघाली, ती दुमडून मनगटाच्या दोन्ही बाजूंनी लावली आणि स्वतःच्या ओढणीने घट्ट बांधली. पुस्तिकाही ताईंनीच लिहिली होती. तिचा पूर्ण उपयोग झालेला बाईंनी तेवढ्या एकदाच पाहिला.

सोमवारी त्या समितीपुढे गेल्या. समितीची खोली जुन्या टपाल कचेरीत होती, टेबलावर काच, काचेखाली अध्यक्षांच्या तरुणपणीचे फोटो. बाईंनी सगळं सांगितलं, हाताने वळण काढून दाखवलं, फलक वीस पावलं अलीकडे किंवा पलीकडे न्या म्हणाल्या.

अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुमची कळकळ पोचली," ते म्हणाले. "पण बाई, बुरूज जिथून दिसतो तिथेच फलक असायला हवा. इतिहास काही वीस पावलं सरकवता येत नाही."

"इतिहास राहू द्या तिथेच. पाटी सरकवा."

ताई चिटणिसाच्या खुर्चीत ताठ बसून इतिवृत्त लिहीत होत्या. त्यांनी हे वाक्य लिहिलं नाही.

समितीने दीड तास चर्चा करून एकमताने तोडगा काढला. फलकाच्या अलीकडे बारा फुटांवर दुसरा फलक लावायचा: 'सावधान, पुढे माहितीफलक आहे.' चौकटीचं काम अर्थात घरातच आलं. नवरा म्हणाला, "हाही तीन फूट."

दुसऱ्या फलकाचा परिणाम ताबडतोब दिसला. आता माणसं बारा फूट आधी पडायला लागली. तिथे पन्हळ नव्हती, पण खडी होती, त्यामुळे मनगटाबरोबर कोपरही सोलून यायचं. अध्यक्ष बाईंना बाजारात भेटले तेव्हा म्हणाले, "पन्हळीतले अपघात निम्म्यावर आले म्हणे." बाई म्हणाल्या, "हो, आले." उरलेले निम्मे कुठे गेले ते त्यांनी विचारलं नाही.

गावात मात्र कुजबुज सुरू झाली होती. पाटी लिहिणारीची वहिनीच प्लास्टर घालते, हे लोकांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. भाजीवालीने ताईंना तोंडावर विचारलं, "तुम्हाला दर मनगटामागे काही मिळतं का?" ताईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वही आणि पेन घेऊन थेट प्लास्टरच्या खोलीत येऊन बसल्या.

"मी स्वतः विचारणार पेशंटला," त्या म्हणाल्या. "माझ्या मजकुरामुळे कोणी पडलेलं नाही हे मला सिद्ध करायचंय."

"बसा," बाई म्हणाल्या. "त्या बादलीला पाय लावू नका."

अकराच्या सुमाराला मनगट आलं. पन्नाशीचा, बारीक चणीचा, जाड चष्म्याचा गृहस्थ. शहरात पुस्तकं बांधायचं काम करायचा, बोटांना सरसाचा वास होता. ताईंनी खुर्ची पुढे ओढली.

"फलक वाचलात?"

"वाचला."

"कुठपर्यंत?"

"पूर्ण."

ताईंचं पेन थांबलं. "पूर्ण?"

"तीन खेपा लागल्या. एका खेपेत एकच परिच्छेद होतो, मग वळण येतं. गेल्या दोन रविवारी पहिले दोन झाले. आज तिसरा, शेवटच्या ओळीपर्यंत आलो होतो." त्याने मोडलेल्या हाताकडे पाहिलं. "ओळ झाली."

बाई पट्टी पिळत होत्या. 

"एक विचारू का?" तो ताईंना म्हणाला. "तुम्ही लिहिलंय की बुरुजावर पहारेकरी रात्रभर दिवा तेवत ठेवायचा. पण एवढं तेल वर कोण वाहून न्यायचं? वाट तर इतकी वाईट आहे."

 बाईंनी मान वळवून पाहिलं. नणंदेचा असा चेहरा त्यांनी कधी पाहिला नव्हता. एकतीस वर्षांत वर्गात फक्त एकच प्रश्न विचारला गेला होता आणि तो म्हणजे 'बाई, बाहेर जाऊ का?'

"मला शोधावं लागेल," ताई हळू आवाजात म्हणाल्या. मग त्यांनी त्याचा पत्ता लिहून घेतला, त्याच्या बसची वेळ विचारली, त्याला स्वतःच्या हाताने चहा आणून दिला, आणि तो चहा पिताना कापून टाकलेले सहा परिच्छेद तोंडी सांगितले. प्लास्टर वाळायचं असल्यामुळे त्याला उठून जाता येत नव्हतं, पण त्याची तशी इच्छाही दिसली नाही.

घरी जाताना ताई वही छातीशी धरून चालत होत्या. मग म्हणाल्या, "त्याला वाचायचं होतं गं. आणि मी त्याला तीन खेपा मारायला लावल्या."

अशी संधी सव्वीस वर्षांच्या संसारात दोनदा येत नाही, हे प्लास्टरबाईंना कळत होतं. "ताई," त्या सहज म्हटल्यासारखं म्हणाल्या, "खाली वाट नदी ओलांडते ना, तिथे सायकल खांद्यावर घेऊन पाण्यातून जावं लागतं. पलीकडे सपाट खडक आहे. सगळे तिथे बसतात, बूट काढतात, मोजे पिळतात. दहा मिनिटं तरी रिकामी बसलेली असतात माणसं."

"दहा मिनिटं?"

"पंधरा. मोजे जाड असतात."

ताई चालता चालता थांबल्या. "पंधरा मिनिटांत नऊही परिच्छेद होतील."

"तीन पुरेत," बाई घाईने म्हणाल्या.

"तिथून बुरूज दिसतो?"

"समोरच. मान वर न करता."

पुढच्या सभेत फलक खाली नदी ओलांडायच्या जागी हलवण्याचा ठराव चिटणिसांनी मांडला, चिटणिसांच्या दूरदृष्टीबद्दल अध्यक्षांनी त्यांचं अभिनंदन केलं आणि इतिवृत्तात ते सविस्तर लिहिलं गेलं. इतिहास तब्बल दीड मैल सरकला, कोणाची काही हरकत आली नाही.

हरकत होती ती फक्त सिमेंटची. बाईंच्या नवऱ्याने स्वतः रोवलेले खांब काढायला स्वतःच पहार उचलली. पहिला दिवस एका खांबात गेला. संध्याकाळी बाई थर्मासमध्ये चहा घेऊन गेल्या तेव्हा ते घामाघूम होऊन खड्ड्याच्या काठावर बसले होते आणि खांब जेमतेम बोटभर हलला होता.

"कोणी केलंय हे काम?" बाईंनी विचारलं.

"हसू नकोस. दगड बघ कसे बसवलेत," ते म्हणाले. आवाजात वैताग होता, पण त्याहून जास्त अभिमान होता. त्यांनी आणखी दोन दिवस घेतले. 'सावधान' लिहिलेला फलक मात्र दुकानात आणून ठेवला, कधीतरी कामाला येईल म्हणून.

बुरुजाखालची डावी मनगटं थांबली. माणसं अजूनही पडायची, पण आता कोणी उजव्यावर, कोणी गुडघ्यावर, आपापल्या मर्जीने. त्याच महिन्यात निघालेल्या समितीच्या वार्षिक अहवालात 'सुरक्षाविषयक जनजागृतीला आलेलं यश' असा एक मथळा होता आणि खाली अकरा जणांचा फोटो. अहवाल वरच्या कचेरीत पोचला. तिथून दवाखान्याला पत्र आलं की ज्या अर्थी अस्थिभंगाचे रुग्ण कमी झाले आहेत त्या अर्थी प्लास्टरबाईंना आठवड्यातून दोन दिवस खालच्या गावच्या दवाखान्यात पाठवावं. डॉक्टरांनी ते पत्र वाचून दाखवताना नजर टाळली. बाई म्हणाल्या, "सही करा." तेवढी डॉक्टरांना छान जमायला लागली होती.

खालच्या गावी जायला पाऊण तास बस होती. नवऱ्याने समितीत जाऊन भांडायची तयारी दाखवली. बाईंनी नको म्हटलं. बसमध्ये खिडकीशी बसून कोणाचंही काही न ऐकण्याचा पाऊण तास त्यांना मनापासून आवडायला लागला होता, पण हे त्यांनी घरी सांगितलं नाही.

सहा आठवड्यांनी पुस्तकबांधणीवाला प्लास्टर काढायला आला. कटरचा आवाज सुरू होताच तो कावराबावरा झाला. बाईंनी चालू कटरचं पातं स्वतःच्या तळहातावर टेकवून ते कातडी कापत नाही हे दाखवलं, मग तो शांत बसला. हात मोकळा झाल्यावर त्याने पहिलं काय विचारलं, तर, "तुमच्या ताई कुठे असतात?"

रविवार होता आणि ताई रविवारी नदीवरच असायच्या. घडीची खुर्ची घेऊन सकाळीच जायच्या आणि फलकाशेजारी बसायच्या. ओल्या मोज्यांची माणसं कुठे पळून जाणार? त्या दिवशी बाईंची फक्त सकाळची पाळी होती, म्हणून त्याही त्याच्याबरोबर खाली उतरल्या.

ताईंनी त्याला पाहिलं आणि नमस्काराच्या आधीच म्हणाल्या, "तेल कोणीच नेत नव्हतं."

"म्हणजे?"

"दिवाच नव्हता. जिल्ह्याच्या कचेरीत जुने कागद आहेत, तीन वेळा गेले. तो बुरूज पहाऱ्याचा नाही. पारव्यांसाठी बांधलेला आहे. खतासाठी पारवे पाळायचे वर." त्यांनी फलकाकडे बोट केलं. दुसऱ्या परिच्छेदातल्या एका ओळीवर पांढरा रंग फासलेला होता आणि वर बारीक अक्षरात नवी ओळ लिहिली होती, थोडी तिरकी. "एकतीस वर्षं मी वर्गात दिवा शिकवला. कोणी विचारलंच नाही."

प्लास्टरबाईंच्या जिभेवर एक चांगलं टोचरं वाक्य तयार होतं. त्यांनी नणंदेकडे पाहिलं आणि ते गिळलं. थर्मास उघडून आधी तिला चहा दिला, मग पाहुण्याला.

खडकावर तिघं सायकलवाले पाय सोडून बसले होते. त्यातल्या एकाने विचारलं, "पारव्यांसाठी एवढा मोठा बुरूज?"

"सांगते," म्हणून ताईंनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

बाई जरा लांब, पाण्यात पाय बुडवून बसल्या. पाठीमागे ताईंचा आवाज सुरू झाला. मान वळवली की फलक दिसत होता. एवढ्या महिन्यांत त्यांनी तो कधी वाचलाच नव्हता, फक्त त्याची मनगटं पाहिली होती. आज हाताला काम नव्हतं. त्यांनी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली आणि 'मूक साक्षीदार' सोडला तर मजकूर बरा होता. खेचरं कुठल्या वळणावर अडून बसायची, लोक त्यांच्या कानात काय सांगून त्यांना पुढे नेत, तो भाग तर चांगलाच उतरला होता. तो त्यांनी दोनदा वाचला.

घरी जाताना ताईंनी विचारलं, "वाचत होतीस ना? कसं वाटलं?"

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. चांगलं म्हटलं असतं तर रात्रीच्या आत बाकीचे सहा परिच्छेद वरच्या खोलीतून खाली आले असते.